घर परीक्षाकेंद्र होते तेव्हा

शाळेच्या प्रवेशासाठी घरून दिल्या जाणाऱ्या परीक्षेचा विषय निघाला की चर्चा बहुतेक दोनच प्रश्नांभोवती फिरते: कॉपी कशी रोखायची आणि ऐन वेळी नेटवर्क गेले तर काय करायचे. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. मात्र समाजशास्त्र शिकणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांना मार्गदर्शन करताना मला तिसराच प्रश्न अधिक मोलाचा वाटू लागला आहे. परीक्षेचे सभागृह काही तासांपुरते प्रत्येक मुलाला त्याच्या घरापासून वेगळे करत असे. ते सभागृह नाहीसे झाल्यावर गुणपत्रिकेत घराचा वाटा किती वाढतो, हा तो प्रश्न. याचे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी ही परीक्षा स्वतः दिली आहे त्या विद्यार्थ्यांपेक्षा योग्य संशोधक मिळणे कठीण आहे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांना एकाच जागी बसवून परीक्षा घेण्यामागचा विचार जुना आहे. चीनमध्ये सुमारे तेराशे वर्षे चाललेल्या आणि 1905 मध्ये बंद झालेल्या राजसेवा परीक्षेत उमेदवारांना लहान, एकसारख्या खोल्यांत कोंडले जात असे. सोंग राजवटीच्या काळात तर परीक्षकाला हस्ताक्षरावरून उमेदवार ओळखता येऊ नये म्हणून लेखनिकांकडून उत्तरपत्रिकांची नक्कल करवून घेतली जाई आणि तपासणी त्या नकलेची होई. खोली एकच, अक्षर एकच, वेळ एकच. अर्थात, यामुळे सगळे उमेदवार समान पायरीवर आले, असे म्हणता येणार नाही. पिएर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी 1964 आणि 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवून दिले की शिक्षणव्यवस्था ज्याला गुणवत्ता म्हणते त्यात घरातून मिळालेली भाषा, वाचनाची सवय आणि वागण्याबोलण्यातील सहजता यांचा मोठा भाग असतो, आणि हेच सांस्कृतिक भांडवल परीक्षेत नैसर्गिक बुद्धिमत्ता म्हणून मोजले जाते. म्हणजे घर सभागृहातही मुलाबरोबर येतच होते. तरीही ते मुलाच्या मनातून येत होते. त्याच्या पाठीमागच्या भिंतीतून, शेजारच्या खोलीतील आवाजातून किंवा धाकट्या भावंडाच्या रडण्यातून येत नव्हते.

2020 मध्ये जगभर शाळा बंद झाल्या तेव्हा युनेस्कोच्या नोंदींनुसार दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी त्यात सापडले, आणि अनेक प्रवेश परीक्षा घाईघाईने घरी पोहोचल्या. पुढे शाळा उघडल्या, पण काही संस्थांनी दूरस्थ परीक्षेचा पर्याय कायम ठेवला. लांब राहणाऱ्या आणि प्रवास न परवडणाऱ्या मुलांना त्याचा खरा लाभ होतो, हे मान्य केलेच पाहिजे. या परीक्षेची रीत आता ठरून गेली आहे: ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचे, लॅपटॉप फिरवून खोलीचे चारही कोपरे दाखवायचे, टेबल रिकामे असल्याची खात्री पटवायची, दार बंद करायचे आणि परीक्षा संपेपर्यंत नजर पडद्यावरून हलू द्यायची नाही. या प्रत्येक सूचनेत काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. मुलाला स्वतःसाठी खोली आहे, तिला दार आहे, ते दार बंद करण्याचा अधिकार त्याला आहे आणि ते यंत्र तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला लागणार नाही, अशी ती गृहीतके आहेत.

खोली दाखवण्याची सक्ती किती गंभीर असू शकते हे न्यायालयातही दिसले. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्याने घेतलेले दर्शन ही अवाजवी झडती आहे, असा निर्णय तेथील फेडरल न्यायालयाने 2022 मध्ये दिला. चेहरे ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींबाबतही सावध राहण्यास कारण आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नीत गेब्रू या संगणकशास्त्रातील संशोधकांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून लिंग ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त 0.8 टक्के, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत आढळले. तो अभ्यास परीक्षेच्या देखरेखीवर नव्हता, पण ज्या परीक्षेत चेहरा पटला तरच प्रवेश मिळतो, तिच्या आयोजकांनी तो वाचायला हवा.

आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांकडे येते. या विषयावरचा ठरावीक प्रकल्प असा असतो: ‘ऑनलाइन प्रवेश परीक्षेबाबत विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’ हे शीर्षक, दहा प्रश्नांचा एक गूगल फॉर्म, तो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवलेला, आणि शेवटी रंगीत वर्तुळालेख. ‘तुम्हाला ऑनलाइन परीक्षा आवडली का?’ या प्रश्नाला बहुसंख्यांनी ‘हो’ म्हटले की निष्कर्ष तयार होतो. मुलांनी कष्ट घेतलेले असतात, म्हणून अशा प्रकल्पाला मी नावे ठेवत नाही. पण त्यात एक मोठे भगदाड असते आणि ते त्यांना दाखवणे हे माझे काम आहे. फॉर्म ज्या गटावर गेला त्या गटात प्रवेश मिळालेलीच मुले आहेत. ज्यांचे लॉगिन मध्येच तुटले, ज्यांनी घरात जागा नाही म्हणून अर्जच भरला नाही, ज्यांच्या घरातील एकमेव फोन त्या वेळी कामावर गेलेल्या मोठ्या माणसाकडे होता, ती सारी मुले या नमुन्यातून आधीच गळलेली आहेत. शिवाय फॉर्म भरण्यासाठीही तेच नेटवर्क आणि तेच यंत्र लागते, ज्यांच्या अभावाचा आपण शोध घेतो आहोत.

ही चूक मुलांपुरती नाही. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतील वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत विजयी झाले. पत्ते ज्या याद्यांतून घेतले होते त्यांत दूरध्वनी आणि मोटारी असलेल्यांची नावे मोठ्या प्रमाणावर होती. त्यातही उत्तर पाठवण्याचा उत्साह कोणाला होता आणि कोणाला नव्हता, याने चित्र आणखी बिघडले. वीस लाख उत्तरे हाती असूनही जे घडले ते चाळीस उत्तरांत घडू शकते, एवढे विद्यार्थ्यांना पटले तर नमुना निवडीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. यावर उपाय अवघड असला तरी अशक्य नसतो. अर्ज करून परीक्षेला न बसलेल्या मुलांपर्यंत ओळखीच्या साखळीतून पोहोचावे, कागदी प्रश्नावली बरोबर ठेवावी, फोनवर साध्या बोलण्यातून उत्तरे घ्यावीत, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही त्यांच्याविषयी अहवालात स्पष्ट वाक्य लिहावे.

प्रश्न कोणते विचारायचे, हा भाग मला सर्वांत अधिक आवडतो, कारण समाजशास्त्राची खरी कसरत येथे होते. ‘तुमच्या घरी परीक्षेसाठी पोषक वातावरण होते का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक मूल ‘होते’ असेच उत्तर देईल, कारण ‘नव्हते’ म्हणणे म्हणजे आईवडिलांना दोष देणे. त्याऐवजी वातावरण या मोघम कल्पनेचे दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टींत रूपांतर करावे लागते. परीक्षा कोणत्या खोलीत दिली? एरवी ती खोली कोण वापरते? परीक्षेच्या वेळी ती माणसे कोठे होती? लॅपटॉप कोणाचा होता आणि त्या दिवशी त्या व्यक्तीचे कोणते काम अडले? आदल्या दिवशी चाचणी लॉगिन कोणी करून पाहिले? परीक्षा चालू असताना कोणी दार उघडले का? अशा प्रश्नांत कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि उत्तरे एकत्र ठेवली की घरातील जागेची, वेळेची आणि अधिकाराची वाटणी आपोआप उलगडते. मुलगा आणि मुलगी यांना मिळालेल्या शांततेत फरक होता का, हेही यातूनच कळते. तो थेट विचारला तर कळत नाही. यंत्र असणे आणि ते सफाईने वापरता येणे यांतला फरकही येथेच पकडता येतो. समाजशास्त्रज्ञ एस्टर हार्गिताई यांनी 2002 मध्ये हा दुसऱ्या पातळीवरचा डिजिटल भेद मांडला होता: दोघांकडे सारखेच यंत्र असले, तरी एकाला पडद्यावरची परीक्षेची खिडकी बंद पडल्यावर काय करायचे हे ठाऊक असते आणि दुसऱ्याची दहा मिनिटे घाबरण्यात जातात.

मुलाखती घेताना एक अडचण हमखास येते आणि ती मार्गदर्शकांच्याही लक्षात राहत नाही. दूरस्थ परीक्षेचा अभ्यास करणारी मुले मुलाखतीही व्हिडिओ कॉलवरच घेतात. म्हणजे ज्या मुलीला परीक्षेच्या दिवशी आपली खोली अनोळखी माणसाला दाखवावी लागली, तिला संशोधनाच्या नावाखाली आपण पुन्हा तेच करायला लावतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1950 च्या दशकात माणसाच्या वागण्याचे दर्शनी मंच आणि पडद्यामागची जागा असे दोन भाग केले होते. घर ही पडद्यामागची जागा आहे, आणि कॅमेरा तिचा मंच करतो. एकदा मंच झाला की माणूस उत्तरेही मंचावरची देतो. म्हणून कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा पहिल्याच वाक्यात द्यावी, प्रतिसादकाला घराबाहेर चालत बोलायचे असेल तर तसे बोलू द्यावे, आणि शेजारी कोणी बसले असेल तर कुटुंबाविषयीचे प्रश्न पुढे ढकलावेत. संमती प्रतिसादक आणि पालक या दोघांचीही घ्यावी. पण पालकांनी होकार दिला म्हणून मुलाला नकाराचा हक्क उरत नाही, असे कोणीही समजू नये. लहान गटात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा ‘तीन बहिणींपैकी मधली’ असा तपशील अहवालातून काढून टाकलेलाच बरा.

अशा प्रकल्पातून किती दावा करायचा, याबाबत मी काटेकोर आहे. पंचवीस-तीस मुलांच्या उत्तरांवरून दूरस्थ परीक्षा अन्यायकारक आहे असे सिद्ध होत नाही, आणि घरात खोली नसल्यामुळेच गुण कमी पडले असेही म्हणता येत नाही; खोली नसलेल्या घरात शिकवणी, पुस्तके आणि वेळ यांचीही उणीव असू शकते. मात्र अडचण कोणत्या वाटेने येते, हे या मुलाखती दाखवू शकतात, आणि ते दाखवणे कमी महत्त्वाचे नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये समाजशास्त्रीय दृष्टीचे वर्णन करताना व्यक्तिगत अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांच्यातील नाते ओळखण्यावर भर दिला होता. ‘माझ्याच घरी गोंधळ होता’ असे मानून गप्प बसलेल्या मुलाला इतर आठ जणांचे तसेच अनुभव कागदावर दिसतात, तेव्हा ते नाते त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

काही शाळा प्रवेशाच्या वेळी लेखी परीक्षेबरोबर असा प्रकल्पही मागतात. त्याला माझा पाठिंबा आहे, पण तेथेही घर मध्ये येतेच: उच्चशिक्षित पालकांच्या हाताखालून गेलेला अहवाल देखणा असतो. म्हणून निवड समितीने बांधीव अहवालापेक्षा कच्ची सामग्री मागावी: पहिली प्रश्नावली, ती बदलल्यावरची दुसरी, मुलाखतींच्या हस्तलिखित नोंदी आणि कोणी उत्तर द्यायला नकार दिला त्याची टिपणे. त्यावर विद्यार्थ्याशी पंधरा मिनिटे बोलावे, हवे तर फोनवर. तिसरा प्रश्न का बदलला, हे ज्याने बदलला त्यालाच सांगता येते.

आणि ज्या शाळेची प्रवेश परीक्षा हाच प्रकल्पाचा विषय आहे, त्या शाळेच्या समितीने तो अहवाल गुण देण्यापुरता वाचू नये. घरी जागा नसलेल्या उमेदवारांसाठी जवळच्या एखाद्या शाळेत किंवा ग्रंथालयात बसण्याची सोय, खोलीचे दर्शन ऐच्छिक ठेवणे आणि लॉगिन तुटल्यास वेळ भरून देण्याचा आधीच जाहीर केलेला नियम, या तिन्ही गोष्टी पुढच्या परीक्षेच्या सूचनापत्रकात घालता येतात, आणि त्यासाठी लागणारा पुरावा विद्यार्थ्यांनी गोळा करून दिलेला असतो.