एक भोक कमी

भोकं बुजवणं ही माझी रोजीरोटी. लंडनच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुने नकाशे, चित्रं, दस्तऐवज येतात. जपानी कागद आणि गव्हाची खळ घेऊन बसलं की संध्याकाळपर्यंत भोक कुठं होतं ते माझं मलाच सापडत नाही.

त्या सकाळी टेबलावर आला लुचो फोंतानाचा कागद. साधारण १९५०चा, जेमतेम दोन विती रुंद आणि मुद्दाम भोकं पाडलेला. अर्जेंटिनात जन्मलेल्या, मिलानमध्ये नाव काढलेल्या या माणसानं १९४९पासून चित्रांना भोकं पाडली. कॅनव्हास चिरायचं त्याचं गाजलेलं प्रकरण पुढचं, १९५८चं. सपाट पृष्ठभाग त्याला पुरत नव्हता, पलीकडची पोकळीही चित्रात हवी होती.

टोचा मागून मारलेला, त्यामुळे समोर प्रत्येक भोकाभोवती कागदाची फाटकी कड उभी. आजी दाभणानं रांगोळीचा ठिपक्यांचा कागद करायची, त्याची एक बाजू अशीच बोटांना खरखरीत लागायची.

आणि मागे? कुणा फ्रेमवाल्यानं पट्ट्या चिकटवून झाडून सगळी भोकं बंद केलेली! हसू आलं, पण रागावणार कुठल्या तोंडानं? मीही सवयीनं कागद पालथा घालायला निघालेच होते. तसा ठेवला असता तर सगळ्या कडा चेपल्या असत्या. मग चारही बाजूंना टीपकागदाच्या जाड पट्ट्या रचल्या, मधला भाग अधांतरी ठेवला. फ्रेमवाल्याच्या एकेका पट्टीवर मिथाइल सेल्युलोजच्या ओलसर जेलचा लेप, वीसेक मिनिटं थांबायचं, गोंद मऊ झाला की बांबूच्या पातळ पात्यानं उचलायचं. दिवस त्यातच गेला.

शेवटच्या पट्टीखालचं भोक मात्र वेगळं निघालं. चांगलं गोल, काठ कुरतडलेला, समोर कड नावालाही नाही. जुन्या चौकटीची पाठ लाकडी होती आणि तिथल्या किड्यानं हे काम केलं होतं. फाइलमध्ये एक जुना कृष्णधवल फोटो होता. भिंग लावून मोजलं. फोटोत बेचाळीस, माझ्यासमोर त्रेचाळीस.

तेवढं एक बुजवलं. बाकीची मोकळी.

आठवड्यानं मालकांचा फोन आला. काम छान झालंय म्हणाले, मग जरा घुटमळले. "पण मी मोजली हो. एक भोक कमी आहे."