कोंबडीला काय देऊ, हे मी का सांगत नाही

"ताई, कोंबडी मान वाकडी करतीय, काय देऊ?" आधी व्हिडिओ येतो, मग रात्री साडेदहाला फोन. मी म्हणते, सकाळी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात न्या. समोरचं माणूस क्षणभर गप्प होतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "पूर्वी तर तुम्ही सगळ्यांना सांगायचात. आता काय झालं?" विजापूर रोडच्या एका बाईंनी तर "शिष्ट झालात" असंही ऐकवलं.

शिष्ट नाही झाले. एकदा लिहूनच टाकते.

पूर्वी सांगायचे, हे खरं आहे. आणि चुकीचं सांगत नव्हते, हेही लिहून ठेवते. सोलापूरचा मे, पारा 43-44. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. लोक घाबरून फोन करायचे. मी सांगायचे, खुराड्यावर ओलं गोणपाट टाका, पाणी मातीच्या भांड्यात सावलीला ठेवा, गूळपाणी द्या, दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावरच टाका. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ का होतं, तेही सांगायचे: धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारा माल रक्तात कमी पडतो, त्यामुळं नुसते शिंपले कुटून घालून भागत नाही. कोंबड्या दोन दिवसांत उभ्या राहायच्या. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले, आणि मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू?

तर तो मे महिना. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस करायची होती. पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात. कुमाऊँतल्या थंड हवेच्या गावाचं नाव, आणि आमच्या कोंबड्या 44 अंशांत त्यानं मरतात! आठ आठवड्यांपुढच्या पक्ष्याला द्यायची ती आर-टू-बी लस. बाटली 100 मात्रांची. माझ्याकडं पक्षी बारा. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली फेकायची. म्हणून मीच डोकं चालवलं: गल्लीतली सहा घरं मिळून एक बाटली. बर्फाचा थर्मास, एक सिरिंज आणि मी. कोंबड्या दिवेलागणीला खुराड्यात शिरल्या की धरायला सोप्या, म्हणून संध्याकाळी निघाले. सुरुवात माझ्याच घरापासून. दुसरं घर मास्तरांचं. तिसरं अक्काचं.

अक्का विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, हात चालूच. चौदा कोंबड्या, आणि अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे. त्यात मुलगा हात घालत नाही. मी गेले तेव्हा एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली होती. अक्का म्हणाली, "ही आज दाणे खाईना बग." मी तिला उचललं. चोच उघडी, धाप लागलेली. खाली शीट हिरवट, पाण्यासारखी. दिसलं मला ते. मी म्हटलं, "उष्णता आहे अक्का, गूळपाणी द्या." आणि अर्धा मिली टोचून तिला खाली ठेवलं. मग त्याच सुईनं बाकीच्या तेरा. मग त्याच सुईनं पुढची तीन घरं.

बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं होतं: फक्त निरोगी पक्ष्यांनाच टोचावी. मी तो वाचला होता. इतरांना वाचून दाखवलाही होता.

चौथ्या दिवशी ती तलंग मेली. सहाव्या दिवशी अक्कानं बोलावलं. एक कोंबडी अंगणात गोल गोल फिरत होती. मान पिळवटून पार पाठीवर गेलेली. समोर ज्वारीचा दाणा होता. ती चोच मारायची, चोच दाण्याच्या बोटभर बाजूला पडायची. पुन्हा नेम धरायची, पुन्हा बाजूला. दाणा तिथंच. अक्कानं सूप बाजूला ठेवलं, कोंबडी मांडीवर घेतली आणि ड्रॉपरनं पाणी पाजायला लागली. मला विचारलं, "अजून काय देऊ?" मला काही सुचलं नाही. या रोगावर औषध नाही, हे मला पाठ होतं. तरी मी म्हणाले, "हळद-लसूण देऊन बघा."

चौदापैकी अकरा गेल्या. पुढच्या तीन घरांपैकी दोन घरांत मर आली, एकात एकही नाही. माझ्या बाराच्या बारा जिवंत. गल्लीत यावर काय बोललं गेलं असेल, ते तुम्हीच समजा.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेलेली कोंबडी फाडून जठराच्या आतले रक्ताचे ठिपके दाखवले, मानमोडीची खूण. मग हात धूत विचारलं, "सुई घरागणिक बदलली होती ना?" मी हो म्हणाले.

आता माझी बाजू. अक्कानं आठच दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून एक कोंबडा आणून तसाच कळपात सोडला होता. रोग तिच्याकडं आधीच आलेला होता, मी नेला नाही. तिच्या घरातल्या तर लस न टोचताही मेल्याच असत्या. पुढच्या घरांत तो चपलेनं जातो, कावळ्यानं जातो, हवेनं जातो. सुईनंच गेला कशावरून? तसं असतं तर त्या एका घरातही मर आली असती. आणि पाणी चार-पाच दिवसांआड यायचं त्या गल्लीत मी दर घराला हातपाय कुठल्या पाण्यानं धुणार होते? हे सगळं खरं आहे. पण त्या एका घरात कुणीच मेलं नाही, त्याला मी उगाच साक्षीला धरते, तेही कळतं. सुईला तेव्हा दोन-तीन रुपये पडत होते. सहा सुया.

तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, तू हात झटकून बसलीस, म्हणून लोक आता कुणाचंही ऐकून माणसांच्या गोळ्या कुटून घालतात. यापेक्षा तुझं अर्धंमुर्धं बरं होतं. तिला माझ्याकडं उत्तर नाही. परवाच एकानं फोन केला, मी दवाखाना म्हटलं, त्याचं गाव वीस किलोमीटरवर. तो गेला नसणार.

दिवाळीनंतर अक्काची एक कोंबडी खुडूक बसली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. अक्का दारात येऊन म्हणाली, "ताई, तुझी ती बाटली शंभरचीच येते ना अजून?" मी म्हटलं, बघू. सुईचं तिला मी अजून सांगितलेलं नाही. तिचा नातू मोबाइलवर वाचतो, तेव्हा आता कळेलच.

पिल्लांना आठ आठवडे संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेच्या पुढं-मागं होतील. सुया आणून ठेवल्यात. बाटली आणलेली नाही.