शेवटचा डबा

माळ्यावर चढलो होतो पंख्याचा जुना रेग्युलेटर शोधायला. तो मिळाला नाही. मिळाली तुकड्यांची पिशवी: खाटेचा गोल खूर, मोडक्या ड्रॉवरची पाठ, फावड्याचा निम्मा दांडा आणि काळपट लाकडाचं एक टोक, जे कशाचं हे मलाही आठवेना. मुलगी खाली शिडी धरून उभी.

"बाबा, हे टाकायचंय ना?"

"त्याची आगगाडी होईल."

हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणतोय की तिनं वर बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

माझी पहिली आगगाडी आजोबांनी केली, त्यात माझं काम वजनाचं. स्टुलावर फळी आणि फळीवर मी. "हलू नकोस रे," एवढंच ते म्हणायचे. गुडघ्यापासून वीतभर लांब करवत खर्रखर्र चालायची, आणि भुसा पायाच्या बोटांवर पडायचा, कोमट. चाकं म्हणजे दांड्याच्या चकत्या. आस म्हणून गोल पेन्सिल. रात्री सरस लावून ठेवला. सकाळी बघतो तर तो ओघळून भोकात शिरलेला, पेन्सिल इंजिनालाच चिकटलेली. इंजिन चपलेसारखं फरशीवर घासत जायला लागलं. "आस चाकाला चिकटवायचा, गाडीला नाही," आजोबा मला म्हणाले, जणू सरस मीच लावला होता. मग गिरमिटानं भोक थोडं मोठं केलं आणि आतून मेणबत्ती फिरवली. त्या दिवसापासून जाम झालेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा पहिला उपाय मेणबत्ती.

दांडा ओला होता, हे नंतर कळलं. लाकूड वाळताना वाढीच्या कड्यांच्या दिशेनं आकसतं, ते मध्याकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट; मग चकती गोल राहणार कशी? चारही चाकं मध्यापासून काठापर्यंत तडकली. गाडी ओढली की खटक-खटक, खटक-खटक. आजोबांनी हा आवाज मुद्दाम घातलाय असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. त्यांनी माझं म्हणणं एकदाही खोडलं नाही.

शिवाय ती गाडी कायम डावीकडे जायची. उजवी चाकं मोठी झाली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं की खऱ्या रेल्वेचं वळणं यावरच चालतं: चाकाचा घेर आतल्या कडेला मोठा, बाहेर लहान. वळणावर गाडी किंचित बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर येतं, जास्त अंतर कापतं आणि आस आपसूक वळतो. हे मी मुलीला फार रंगवून सांगितलं.

"म्हणजे पणजोबांचं चुकलं नव्हतं?"

"चुकलं होतंच. पण..." पुढे काय म्हणायचं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता माझ्याकडे होल सॉ आहे, ड्रिलला लावायची गोल करवत. फळीतून चाकं सारखी निघतात, आसाचं भोक आयतं पडतं. सहा मिलिमीटरचा आस, गाडीला सातचं भोक. मालाच्या पेटीची फळी असेल तर आधी शिक्का बघायचा. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. जे खेळणं तोंडात जाणार, त्याला ते नकोच. विकत आणलेली कोरी फळी मात्र मला चालत नाही. एकदा आणली होती. दोन दिवस नुसता तिच्याकडे बघत बसलो, कुठून कापावी तेच कळेना. खूर कसा, हातात घेतला की बॉयलरच असतो.

तर दुपार त्यातच गेली. खुराचं बॉयलर झालं, ड्रॉवरच्या पाठीचे तीन डबे झाले, दोऱ्याच्या लाकडी रिळाचं धुराडं.

"धुराडं फार उंच झालंय," मुलगी म्हणाली.

"१८२९ सालच्या स्टीफन्सनच्या 'रॉकेट'चं बघ."

तिनं मोबाइलवर बघितलं आणि गप्प बसली. अशा संधी मला हल्ली कमी मिळतात.

गोची एवढीच की प्रत्येक कापाला एक नवा तुकडा पडतो. हा बफरला होईल, हा सिग्नलला, ही ढलपी कोळसा म्हणून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात. टाकायचं काय? संध्याकाळी भुसा झाडला, गाडी खिडकीत लावली आणि उरलेलं पिशवीत भरलं. पिशवी सकाळी होती तेवढीच फुगली. काळपट टोकाला आजही काम मिळालं नाही.

"याचा शेवटचा डबा करू," मी म्हटलं.

मुलीनं काही न बोलता शिडी धरली.

रेग्युलेटर अजून सापडायचाय.