पैलवान तयार, तिकीट अडलं

विभागीय स्पर्धेतून आमची पोरं राज्यस्तरावर गेली, पण त्या आनंदात पेढे वाटायलाही एका आरक्षण कार्यालयानं उसंत दिली नाही. अजून आठवलं की डोकं तापतं.

स्पर्धा वर्ध्याला. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळकडे वर्ध्याला पोचते. वजनं सकाळी घेतात, म्हणून आदल्या दिवशी पोचणं भागच. बोनाफाईड, जन्मदाखले, फोटोवर मुख्याध्यापकांचा शिक्का, हे सगळं पटापट झालं.

अडलं ते तिकिटाला. आरक्षणाच्या एका अर्जावर सहाच नावं बसतात. गट मोठा असेल तर यादी जोडून आधी परवानगी घ्यायची. मी यादी टाईप करूनच नेली होती. खिडकीवरच्या साहेबांनी ती वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "शाळा तीन दिसतायत. मग अर्ज कुठल्या मुख्याध्यापकांचा?"

आता कुस्ती म्हणजे काही कबड्डी नव्हे. इथं प्रत्येक वजनगटाचा विजेता वेगळ्या शाळेचा असू शकतो. आमची पोरं एकाच तालमीत घुमतात, पण शिकायला तीन ठिकाणी जातात. "तालमीचं पत्र चालणार नाही," साहेब म्हणाले. वरच्या साहेबांकडे गेलो, तर ते जेवायला गेलेले. आले तेव्हा म्हणाले, "खिडकीवर विचारा." शेवटी तिन्ही मुख्याध्यापकांची वेगळी पत्रं नेली आणि शाळेप्रमाणे तीन अर्ज भरले, प्रत्येकावर सहाच्या आत नावं. मग कुणाच्या परवानगीची गरजच उरली नाही! हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

तेवढ्यात ६५ किलोच्या पोराचा खांदा निखळला आणि त्याच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा पोरगा जाणार असं ठरलं. विद्यार्थ्यांच्या गटात नाव बदलून मिळतं, पण मुख्याध्यापकांनी गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी लेखी मागावं लागतं, एकूण गटाच्या दहा टक्क्यांपुरतंच, आणि नवा पोरगाही त्याच शाळेचा हवा. आमचा नेमका दुसऱ्या शाळेचा. तिकीट रद्द केलं. आदल्या दिवशी स्लीपरचं तत्काळ अकराला उघडतं. रांगेत मी पहाटेपासून उभा होतो. तिकीट हातात आलं तेव्हा एखादी कुस्ती चितपट मारल्यासारखं वाटलं.

पैशाचं म्हणाल तर खेळाडूंची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, तेव्हा पूर्ण भाडं धरूनच वर्गणी काढा. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं.

आणखी एक राहिलंच. वजन काठावर असलेल्या पोरांना वेगळ्या डब्यात बसवा. बाकीचे ठेचा-भाकरी सोडून बसले की उपाशी पोराचा जीव कासावीस होतो. सोबत वजनकाटाही घ्या, मात्र तो आधी तालमीतल्या काट्याशी ताडून बघा. आणि परतीचं आरक्षण शेवटच्या दिवसाचंच करा. पहिल्याच फेरीत हरलेला पोरगा लगेच घरी जायचं म्हणतो, पण त्याला एकट्याला गाडीत बसवून देऊ नका.