‘बहीण दिली, तालुका सिन्नर’

मी मोडी वाचतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून लोक पणजोबांचे कागद घेऊन येतात आणि पणजोबा बहुतेक सापडतात. अमका बिन तमका करत चार-पाच पिढ्या मागे जाता येतं. पणजी मात्र सापडत नाही. जमिनीच्या कागदात तिचं नाव आलंच तर पुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचं नाव. लग्नात तिचं नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, गाव तर बदललेलंच. माहेर कागदावरून पुसलं जातं.

गेल्या पावसाळ्यात सिन्नरकडच्या एक काकू आल्या. वय 68. त्यांना वडिलांचं, म्हणजे त्यांच्या दादांचं, आजोळ शोधायचं होतं. वडील वर्षा-दीड वर्षाचे असताना त्यांची आई गेली, आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिल्या सासुरवाडीशी येणं-जाणं तुटलं. “दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं मामाकडं जायची, आमचे दादा गुरं राखायचे,” काकू म्हणाल्या. “भाऊ, शेवटपर्यंत एकच विचारायचे, मला मामा होता का नव्हता?”

त्यांच्या भाच्यानं अमेरिकेतून डीएनए तपासणीचा संच पाठवला होता. थुंकी भरून पाठवली, परदेशातले काही लांबचे चुलत नातेवाईक निघाले, गाव काही निघालं नाही. निघणं अवघडच होतं. आईकडून लेकराकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्या आजीकडून दादांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बापाकडून तो पुढे जात नाही. काकूंमध्ये आहे तो त्यांच्या स्वतःच्या आईचा. हे समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. ती मास्तरांनी घातलेली, तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही काढली. ऑक्टोबर 1918 ची पानं उघडली आणि मी वाचायचा थांबलो. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू लिहिणाऱ्या हातानं पानामागून पान भरलं होतं, कारणाच्या रकान्यात ओळीनं ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. इन्फ्लुएंझाची साथ ती. त्यातच काकूंच्या आजोबांचं नाव आणि पुढे ‘याची बायको, वय 19’. एवढंच. तिचं नाव लिहायला त्या दिवसांत कुणाला सवड नव्हती.

मग मी म्हटलं, नाशिकला जाऊ. तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थावर श्राद्ध सांगणारे गुरुजी, येणाऱ्या घरांच्या पिढ्या लिहून ठेवतात. त्या वह्यांबद्दल लोकांना वाटतं की त्यात फक्त बापाची बाजू असते. तसं नाही. तीर्थश्राद्धात आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील यांना पिंड असतो. मामा, बहीण, सासरा यांनाही असतो. ती नावं विचारावी लागतात, आणि बरेच गुरुजी विचारलेलं लिहून ठेवत आले. श्राद्धाच्या गरजेपोटी बायकांची बाजू टिकली ती या वह्यांत.

पंचवटीत गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेली लांबट वही घेऊन आले. शके 1841, म्हणजे 1919 साल. अस्थी घेऊन आलेले काकूंचे आजोबा. आणि तिथे तिचं नाव होतं. तीनच अक्षरं. ते इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. काकूंनी ते दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग स्वतः म्हटलं.

पुढे सासऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव पिंपळगाव. नगर-नाशिक पट्ट्यात पिंपळगाव म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. बसवंत आहे, खांड आहे, नाकविंदा आहे, कोंझिरा आहे, देपा आहे. पुढचा शब्द शाईच्या डागाखाली गेलेला. मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे सुटतो हेही अंदाजानंच ठरवावं लागतं. मोबाइलवर फोटो घेतला, रंग उलटे केले, डागाचा तपकिरी उतरवत नेला. शेवटी ‘पा’चा काना दिसला. आमच्या मोडीवाचकांच्या गटावर फोटो टाकला. दोघांनी मला विचारायच्या आधीच ‘देपा’ म्हटलं.

पिंपळगाव देपा म्हणजे तालुका संगमनेर. ती गावं दुसऱ्या उपाध्यायांकडे. दोन गल्ल्या पलीकडे गेलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. काकूंनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, जेवायचं नाव काढलं की “आधी बघू” म्हणायच्या. तिथले गुरुजी वयस्कर, स्वतः मोडी वाचणारे. शके 1846 च्या पानावर त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. बहुधा ते मीच वाचावं असं त्यांना वाटलं असावं.

आईच्या अस्थी घेऊन आलेला एक माणूस. बापाचं नाव पहिल्या वहीतल्या सासऱ्याचंच. मग भाऊ, मुलगे. मग ‘बहीण’, पुढे तिचं माहेरचं नाव, जे आम्हाला आतापर्यंत ठाऊकच नव्हतं. ‘दिली, तालुका सिन्नर’, काकूंचं गाव, ‘मयत’. आणि त्याच ओळीत ‘भाचा’, पुढे दादांचं नाव.

1924 साली दादा सात वर्षांचे होते. गुरं राखत असतील. काही कोसांवर त्यांचा मामा रामकुंडाकाठी बसून त्यांचं नाव सांगत होता.

मी ओळ वाचली. काकूंनी पदरानं हात पुसले आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं, शाईला लागू नये इतकं हलकं. “म्हणजे ठाऊक होता त्यांना,” त्या म्हणाल्या. “दादा ठाऊक होते मामाला.”

गुरुजींनी थोडा वेळ जाऊ दिला. मग आम्ही पहिल्या गुरुजींकडे परतलो. रीतीप्रमाणे त्यांनी वहीत आजची नोंद करायला पेन पुढे केलं. काकूंनी आपलं, मुलांचं, नातवंडांचं नाव लिहिलं. दादांच्या नावापाशी थांबल्या, आणि शेजारी त्यांच्या आईचं नाव लिहिलं, सासरचं नाही, माहेरचं. खाली लिहिलं, मामा, पिंपळगाव देपा.