लोड फेल गेला, पण डिस्क चांगली होती

सायकल बदलायच्या आठवड्यात गुरुवारची पहाटेची शिफ्ट मी मागून घेते. विमानाच्या नेव्हिगेशन डेटाबेसची नवी सायकल, म्हणजे ताजी आवृत्ती, दर २८ दिवसांनी लागू होते, आणि तो दिवस कायम गुरुवारच असतो. जगभर तारीख एकच. वर्षाला अशा १३ सायकली, क्वचित १४. २०२० मध्ये चौदावी थेट ३१ डिसेंबरला लागली होती. मधल्या दिवसांत कुठे धावपट्टीचा क्रमांक बदलतो, कुठे एखादं रेडिओ केंद्र बंद होतं, कुठे उतरण्याचा मार्ग नव्याने आखतात. हे सगळं एफएमसीत, म्हणजे वैमानिकांना मार्ग दाखवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरायचं काम आम्हा लाइन मेंटेनन्सवाल्यांचं.

एफएमसीत एका वेळी दोन सायकली राहतात, चालू आणि पुढची. त्यामुळे लोड, म्हणजे नव्या डेटाची भरणी, दोन-चार दिवस आधीच मारून ठेवता येतो, आणि तसाच तो मारावा असं माझं ठाम मत आहे. त्या दिवशीचं ७३७ मात्र आठवडाभर हँगरमध्ये होतं, तिथे हे काम राहून गेलं. सुटायला पंचावन्न मिनिटं उरली होती.

या विमानाचा लोडर जुना, साडेतीन इंची फ्लॉपीचा. नव्या विमानांत इथरनेटवरून पटकन काम होतं. इथे डेटा ज्या तारांवरून जातो त्यांचा वेग सेकंदाला फार तर १ लाख बिट. मोबाइलवरचा तीन एमबीचा एक फोटो या तारेतून पाठवला तर चार मिनिटं सहज जातील. म्हणून लोडरसमोर उभं राहून वाट बघायची, आणि तो मागेल तेव्हा पुढची डिस्क घालायची.

दुसरी डिस्क अर्ध्यात असताना लोड फेल गेला. माझ्याबरोबरचा ट्रेनी लगेच म्हणाला, "मॅडम, डिस्क खराब दिसतेय. दुसरा सेट घेऊन येऊ?"

मी डिस्क हातात घेतली. पत्र्याचं झाकण सरळ होतं, सहज सरकत होतं, आतल्या चकतीवर ओरखडा नव्हता. लेबलवरचा पार्ट नंबर कागदाशी ताडला, तोही बरोबर. एकाच कंपनीच्या दोन ताफ्यांचे डेटाबेस वेगळे असू शकतात आणि सेटची अदलाबदल होते, म्हणून हे कधीच सोडायचं नाही. दोनपैकी कुठल्या एफएमसीत लोड जायचा ते ठरवणारा सिलेक्टर डावीकडे होता, सर्किट ब्रेकर आत, म्हणजे चालू, होते. म्हणजे नेहमीची सगळी कारणं बाद झाली.

मग आठवलं. फेल यायच्या जरा आधी कॉकपिटमधले दिवे मिचकावले होते आणि पंख्यांची घरघर क्षणभर थांबली होती. मी ते पाहिलं होतं, ऐकलंही होतं, आणि डिस्क बदलण्याच्या नादात सोडून दिलं होतं. वर पॅनलकडे पाहिलं तर विमान जीपीयूवरून, म्हणजे जमिनीवरून मिळणाऱ्या विजेवरून, एपीयूवर, म्हणजे शेपटीतल्या स्वतःच्या छोट्या इंजिनाच्या विजेवर, आलेलं. केबिन थंड करायला फर्स्ट ऑफिसरनी एपीयू चालू केला आणि त्याचा जनरेटर बसवर, म्हणजे विमानाच्या वीजवाहिनीवर, घेतला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, लोड चालू आहे हे आम्हीच त्यांना सांगितलं नव्हतं. ७३७ मध्ये एक पॉवर सुटते आणि मग दुसरी लागते. मधली फट डोळ्याला जेमतेम जाणवते, पण चालू लोड तेवढ्यात तुटतो.

अशा वेळी एफएमसीचा बॉक्सच काढायचा मोह होतो. बॉक्स बदलला की त्याचं सॉफ्टवेअर तपासा, टेस्ट करा, लोड पुन्हा पहिल्यापासून, आणि खरं कारण तसंच राहतं. मी आजवर पाहिलेल्या फेल लोडमध्ये एफएमसी स्वतः बिघडलेला फार थोड्या वेळा निघाला.

कॅप्टन आले. "एमईएलवर जाता येईल ना?" त्यांनी विचारलं. एमईएल म्हणजे काय काय बंद असताना कोणत्या अटींवर उडता येतं त्याची यादी. जाता येतं. जुन्या डेटावर निघायची वाट आहे, पण तिला अटी आहेत. मार्गावरचे बिंदू चालू नकाशांशी एकेक पडताळायचे, आणि निघण्या-उतरण्याची जी पद्धत बदलली आहे ती जुन्या डेटावरून उडवायची नाही. म्हटलं, "सर, मला वीस मिनिटं द्या. आणि तोवर पॉवर कोणी बदलू नका." ते बरं म्हणाले.

पहिल्या डिस्कपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी शेवटपर्यंत गेला. मग डाव्या एफएमसीतून उजव्यात तोच डेटा उतरवला, म्हणजे क्रॉसलोड, कारण दोन्ही बाजूंना एकच डेटाबेस नसेल तर दोन एफएमसी जोडीने चालत नाहीत. सिलेक्टर नॉर्मलला आणला. एफएमसीच्या आयडेंट पानावर, जिथे डेटाबेसची ओळख दिसते, दोन्ही बाजूंच्या तारखा मी स्वतः वाचल्या आणि ट्रेनीला मोठ्याने वाचायला लावल्या.

एक गोष्ट उरली होती. कॅप्टननी वाट बघताना मार्ग भरून ठेवला होता, आणि नवी सायकल चालू केली की भरलेला मार्ग पुसला जातो. बटण दाबायच्या आधी मी ते सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "करा. परत भरू."

त्यांनी परत भरला, आणि मग दोघांनी लेग्जची, म्हणजे मार्गाच्या टप्प्यांची, पानं उघडून प्रत्येक बिंदूचा ट्रॅक, म्हणजे दिशा, आणि अंतर फ्लाइट प्लॅनशी जुळवलं. एक वाचतोय, दुसरा कागदावर बोट ठेवतोय. उशीर होत असताना या कामाला कुणी फाटा दिला नाही याचं मला फार बरं वाटलं. २८ नोव्हेंबर १९७९ ला अंटार्क्टिकावर निघालेल्या एअर न्यूझीलंडच्या विमानाच्या मार्गातला एक बिंदू आदल्या रात्री दुरुस्त झाला होता आणि वैमानिकांना ते कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं आपण खुल्या सामुद्रधुनीवरून चाललोय. नवा मार्ग एरेबस पर्वतावरून जात होता. २५७ माणसं गेली. कॉम्प्युटर तेव्हा नीट चालत होता, दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्याने विमान नेलं. टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या कामांच्या नोंदवहीवर, सही करताना मला ते विमान आठवतंच.

दरवाजे अकरा मिनिटं उशिरा लागले.

दुसऱ्या दिवशी ट्रेनीने जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड कापून आणलं. वर लाल मार्करने लिहिलेलं: "डेटा लोड चालू. पॉवर बदलू नका." वरच्या टोकाला दोरा. आता पहिली डिस्क आत जायच्या आधी ते जनरेटरच्या स्विचांसमोर लटकतं, आणि शेवटची डिस्क बाहेर आली की तोच ते उतरवतो.