बोटांवर पोलाद, तळव्याखाली स्पंज

जून संपत आला होता. बेळगावातल्या अनगोळच्या साइटवर पहिल्या मजल्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा फळ्या-प्लेटांचा साचा, उतरवायचं चाललेलं. पत्र्याच्या खोलीत सळीचं बिल जुळवत बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "सायेब, पोराच्या पायात मोळा घुसला!"

आमच्याकडं खिळ्याला मोळा म्हणतात. धावत गेलो तर खानापूरकडचा एक पोरगा प्लेटांच्या ढिगावर बसलेला आणि त्याच्या बुटाला हातभर लांबीची फळी चिकटलेली. बीमच्या तळाची फळी, तिला उलटा राहिलेला तीन इंची मोळा, आणि त्यावर पडलेला याचा पाय. दोघांनी धरून फळी ओढून काढली. रक्त फार नव्हतं, मोज्यावर रुपयाएवढा डाग. दवाखान्यात जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर मात्र माझ्यावरच घसरले : "वरून भोक दिसतंय एवढंसं, घाण जाते खोल. बूट देत नाही काय तुम्ही?"

बूट दिले होते, हीच तर गंमत. तीन आठवड्यांपूर्वी मीच आणलेले. दुकानदारानं माझ्यासमोर बुटाच्या नाकावर हातोडा हाणून दाखवला होता, टण्ण आवाज आला, मी खूश. सात, आठ, नऊ नंबरचे अंदाजानं चोवीस जोड उचलले आणि रजिस्टरवर सगळ्यांचे अंगठे घेतले. मुकादम तेव्हाच म्हणाला होता, "शूज झकास हाईत, खरं वजनाला लई." मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी तो भोक पडलेला बूट मामांनी मागून घेतला. मामा आमचे सेंट्रिंगचे मेस्त्री, अथणी तालुक्यातल्या मदभावीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवायचं काम. कोल्हापुरी म्हणून जे पायताण मिरवलं जातं त्यातलं कितीतरी आपल्या अथणी-निपाणीकडच्या हातांचं असतं. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. (कोल्हापूरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते चहा संपवून विषय बदलतात.) तर मामांनी पिशवीतली रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, काढली, बूट मांडीवर उलटा धरला आणि टाचेपासून पुढं सोल असा चिरत नेला, की जणू शहाळंच सोलतायत. आत पुठ्ठ्यागत एक थर, त्याखाली स्पंजासारखा सोल, बस्स. त्यांनी करंगळीनं भोक दाखवलं.

"यात आडवं कायच न्हाई की ओ. मोळ्याला कोण अडीवणार?"

पुढच्या दोन दिवसांत मी जे वाचलं ते खरेदीआधी वाचायला हवं होतं. आयएस १५२९८ या सेफ्टी बुटांच्या भारतीय मानकाच्या भाग २ मधल्या बुटाचं नाक २०० जूलचा मार सोसतं, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचतात. पण मोळा अडवणारी तळव्यातली पट्टी ही वेगळी बाब. ती असेल तर जिभेवरच्या किंवा पेटीवरच्या खुणेत 'पी' असतो, किंवा एस३ लिहिलेलं असतं. आमच्या बुटांवर नुसतं एस१ होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

पट्टीतही दोन जाती. कापडी पट्टी हलकी, पाऊल वाकतं, तळवा कडेपर्यंत झाकला जातो. पोलादी पट्टी जड, कडेला थोडी जागा उघडी सोडते. जुनी चाचणी ११०० न्यूटन दाबाची, म्हणजे ११० किलोच्या वर भार, पण तिचा मोळा साडेचार मिलिमीटर जाड. आमचा सेंट्रिंगचा मोळा त्याहून बारीक, आणि बारीक मोळा कापडातून वाट काढू शकतो. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात बारीक मोळ्याची वेगळी चाचणी आली. आम्ही सेंट्रिंगवाल्यांना पोलादी पट्टी घेतली. काँक्रीट ओतणाऱ्यांना मात्र पोलादी नाकाचे, पट्टीवाले गुडघाभर गमबूट. ओलं सिमेंट कातड्याच्या बुटात शिरलं की दिवसभर पाय भाजत राहतो, आणि ते सुरुवातीला कळतही नाही. सळी बांधणाऱ्यांना टाच वेगळी उठलेला बूट, नाहीतर जाळीवर चालताना पाय सटकतो. इथली तांबडी माती पावसात सोलला अशी बसते, की बारीक नक्षीचा सोल दहा पावलांत गुळगुळीत. खाचा खोल आणि रुंद पाहिजेत. हे कुठल्या पेटीवर लिहिलेलं नसतं.

आणि माप. ते मामांनीच घेतलं. "सकाळी न्हाई, कामावरनं सुटल्यावर. पाय तवा फुगलेला असतोय." सुट्टी झाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा कागद पसरून एकेकाला मोजे घालून उभं केलं आणि पेन्सिलीनं पाय आखून घेतला, बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून. गोकाककडचा एक गवंडी, जो तीन आठवडे बूट काखेत धरून अनवाणी फिरायचा आणि माझ्या शिव्या खायचा, तो पहिल्यांदाच बोलला : "बिगी ऐत्री, सर." घट्ट होतो. त्याच्या पायांची आखणी बघितली तर डावा आठ नंबरात बसतो, उजव्याला नऊ लागतो. लहानपणी बैलगाडीखाली आलेला पाय.

दुसऱ्या दुकानात कागदांची गुंडाळी उलगडली तेव्हा दुकानदार चष्मा पुसत म्हणाला, "दोन जोड फोडून देतो, खरं उरलेला जोड तुम्हालाच न्यावा लागंल हं."

नेला. स्टोअरच्या फळीवर आहे अजून, डावा नऊ, उजवा आठ.